सेगोव्हियाच्या दगडांमधली फट

आमच्या घरात शनिवार-रविवारला काडीची किंमत नव्हती. भोसरीच्या एमआयडीसीत सुट्टी गुरुवारची. त्या दिवशी वर्कशॉपांची शटरं खाली, गल्लीत क्रिकेट आणि पप्पा दिवसभर बनियनवर घरी. त्यातही आईचा गुरुवार दत्ताचा, म्हणून घरात मटण शिजायचं नाही. आठवड्याची एकुलती एक सुट्टी आणि नेमकी तीच बिनमटणाची, ही पप्पांची जुनी तक्रार. रविवारी मात्र ते सकाळी साडेआठला डबा घेऊन कामावर हजर. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी चाकणजवळच्या आमच्या कॉलेजातून आम्हा सात जणांना चार महिन्यांसाठी माद्रिदच्या एका तंत्रसंस्थेत पाठवलं. तिथे आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनी एकदा जाहीर केलं, की या वीकेंडला आपण ऐतिहासिक शहरं बघायला जाऊ. मला आधी प्रश्न पडला तो हाच, की इथले कारखाने शनिवारी काय करतात. बंद असतात, आणि रविवारीही बंदच. हे फोनवर ऐकून पप्पा म्हणाले, "मग माल कवा निघतो?"

शनिवारी टोलेडो आणि रविवारी सेगोव्हिया, असा बेत होता. सेगोव्हियाचं नाव ऐकलं आणि मी सर्वांत आधी नाव नोंदवलं, कारण त्या गावी मला एक काम होतं. ते काम पप्पांनी दिलेलं होतं आणि त्यांच्या वर्कशॉपमधल्या सगळ्यांना ते माहीत होतं.

पप्पा लातूरकडचे. लग्नाआधी भोसरीत आले ते फिटर म्हणून, आणि अजून फिटरच आहेत. त्यांचं खरं काम स्क्रेपिंगचं. मशीनचा बेड, म्हणजे ज्या सपाट लोखंडावर बाकीचे भाग सरकतात तो, हाताने घासून सपाट करायचा. त्याच्यावर निळा रंग लावलेलं दुसरं सपाट लोखंड फिरवायचं, जिथे उंचवटा असेल तिथे निळा ठिपका उमटतो, तो ठिपका पात्याने खरवडायचा, पुन्हा निळा, पुन्हा खरवड. असे दिवसच्या दिवस. शेवटी दोन पृष्ठभाग एकमेकांना असे भिडतात की मधे हवासुद्धा राहू नये. फट राहिली की काम गेलं, हे वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेय.

तर त्यांच्या वर्कशॉपच्या भिंतीवर एका टूल विकणाऱ्याचं कॅलेंडर होतं. त्यात एका महिन्याला सेगोव्हियाच्या जुन्या जलसेतूचा फोटो. दोन मजली कमानींची उंच रांग, दोन हजार वर्षांपूर्वीची, आणि खाली लिहिलेलं की दगडांमध्ये चुना नाही, सिमेंट नाही, काहीच नाही. महिना संपला तरी पप्पांनी ते पान उलटू दिलं नाही. शेवटी कापून आपल्या टेबलावर चिकटवलं. त्यांचं म्हणणं, बिनचुन्याचं एवढं उभं आहे म्हणजे दगड घासून घासून बसवलेले असणार, कागदसुद्धा शिरायचा नाही. शेजारच्या लेथवरचे टर्नर काका सिंधुदुर्गातले. ते म्हणायचे, "फोटोत काय, माझा तोंडपण गोरा दिसता." हा वाद चहाच्या टपरीवर रोज चारला चालायचा. दोघांच्या वादावर बाकीचे चहा पीत.

माझं स्पेनला जायचं ठरलं तेव्हा पप्पांनी टपरीवर जाहीर करून टाकलं, "माझी पोरगी मोजून आणील." जो हरेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला आपला फिलर गेज दिला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. चाकूसारखी मूठ असते, तिच्यातून स्टीलची पातळ पाती पंख्यासारखी उघडतात. यात तेरा होती. सर्वांत पातळ कागदाहूनही पातळ, सर्वांत जाड एक मिलिमीटर. कुठलं पातं फटीत शिरतं त्यावरून फट किती ते कळतं. तो त्यांनी भोसरीत आल्यावर पहिल्यांदा घेतलेला गेज होता. तेल लावून, कापडात गुंडाळून त्यांनी तो माझ्या हातात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "बघ माय, अंदाजे नको."

हे ते मलाच सांगणार, याला कारण होतं. मी सातवीत होते तेव्हापासून पप्पांना जवळचं नीट दिसेनासं झालं. चष्मा होता, पण व्हर्नियरवरच्या बारीक रेघांतली कुठली कुठल्या रेघेला जुळते ते त्यांना ओळखता येईना. मी डबा द्यायला जायचे तेव्हा ते जॉब, म्हणजे हातात घडत असलेला भाग, पुढे करायचे आणि मी माप वाचून दाखवायचे. पुढे मी कॉलेजला जायला लागले तरी ते फोटो पाठवायचे, मी वर्गातून आकडा पाठवायचे. एकदाही त्यांनी तो दुसऱ्याकडून तपासून घेतला नाही. खोटं माप सांगणाऱ्या माणसाला आमच्या गल्लीत कुणी उभं करत नाही, आणि माझं माप म्हणजे पप्पांचं माप. मला त्याचा फार गर्व होता, तो मी लपवतही नसे.

असो. शनिवारी टोलेडो.

टोलेडो म्हणजे नदीने तीन बाजूंनी वेढलेली टेकडी आणि तिच्यावर घट्ट दाटलेलं गाव. गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की समोरून मोटारगाडी आली तर माणसाने एखाद्या दारात शिरून तिला वाट द्यायची. आमच्या बाई पुढे, हातात मिटलेली लाल छत्री उंच धरून, आणि मागे आम्ही सात जण आणि संस्थेतली अजून पंधरा-वीस मुलं. आमच्यात चाकणजवळच्या एका गावातला मुलगा होता. घरची शेती, भाऊ कंपनीत, आणि स्वतः जगातल्या कुठल्याही गोष्टीवर बोलायला तयार. वेशीवर उभा राहून तो म्हणाला, "आमच्या चाकणलाबी किल्ला हाय राव, पन आमी कुनालाच सांगत न्हाई." मग त्या वेशीचे त्याने निरनिराळ्या बाजूंनी फोटो काढले.

टोलेडो तलवारींसाठी प्रसिद्ध, हे बाईंनी सांगितलं. दुकानांत त्या रांगेने टांगलेल्या. बाकीचे हातात धरून फोटो काढत होते, आणि आमचा चाकणकर दुकानदाराला विचारत होता, "हार्डनेस किती?" दुकानदाराला इंग्रजी येत नव्हतं, पण प्रश्न कळला असावा. त्याने एक पातं घेतलं, टोक जमिनीवर टेकवून कमानीसारखं वाकवलं आणि सोडलं. ते टणकन सरळ झालं. आमचा गडी खूश होऊन मला म्हणाला, "बघ, टेंपर बरोबर मारलाय."

मला मात्र पुढच्या दुकानाने धरून ठेवलं. काचेआड एक म्हातारे गृहस्थ बसून स्टीलच्या ताटलीवर सोन्याची तार बसवत होते. आधी चाकूने स्टीलवर बारीक आडव्या-उभ्या रेघा मारायच्या, मग केसासारखी तार त्यावर ठेवून छोट्या हातोडीने ठोकत न्यायची. तार त्या रेघांत धरते. नंतर सगळं काळं करायचं आणि तारेला झिलई द्यायची. काळं करायच्या भांड्याचा वास दारापर्यंत आला आणि मी थांबलेच. हा वास मी ओळखत होते. आमच्या गल्लीत कोपऱ्यावर ब्लॅकोडायझिंगचं दुकान आहे, तिथे बोल्ट आणि नट टोपलीत भरून असेच काळे करतात. तोच वास, फक्त इथे काचेवर सोनेरी अक्षरांत पाटी होती. मी बाईंना म्हटलं, आमच्याकडे हे किलोवर करतात. बाईंना ते फारसं आवडलं नाही.

दुपारी बाईंनी एका ख्रिस्ती मठात नेलं. तिथल्या जोगिणी बदामाची मिठाई करतात पण तोंड कुणाला दाखवत नाहीत. भिंतीत एक लाकडी पिंप उभं बसवलेलं. पैसे त्याच्या कप्प्यात ठेवायचे, पिंप गर्रकन फिरतं, माणूस कुठे दिसत नाही, आणि मिठाईचा डबा समोर येतो. आतून फक्त आवाज. सगळे डब्यावर तुटून पडले. मी मात्र गुडघ्यांवर बसले, कारण ते एवढं जड पिंप काडीचा आवाज न करता फिरत होतं आणि खाली बेअरिंग कसलं बसवलंय ते मला बघायचं होतं. आतल्या आवाजाने काहीतरी विचारलं. बाई हसू लागल्या. म्हणाल्या, "त्या विचारतायत, तुझं काही पडलंय का?" बेअरिंग मला शेवटपर्यंत दिसलं नाही, आणि हे मला अजूनही खुपतं.

रविवारी सकाळी सेगोव्हिया. थंडी अशी की नाक आहे की गेलं ते हात लावून बघावं लागे. बसमधून उतरून चौकात आलो आणि समोर ते उभं होतं. कॅलेंडरमधल्या फोटोने मला फसवलं होतं, कारण फोटोत माणसं नव्हती. इथे खालून चालणारी माणसं कमानीच्या बुडाशी गुडघ्याएवढ्या मुलांसारखी दिसत होती. मी मान वर करून उभी राहिले आणि मनात पहिलं आलं ते हेच, की पप्पांनी हे बघायला हवं होतं.

बाईंनी गोष्ट सांगितली. गावात एक मुलगी होती, रोज टेकडीखालून डोक्यावर पाणी आणून थकलेली. तिने सैतानाला म्हटलं, एका रात्रीत माझ्या दारी पाणी आण, माझा आत्मा घे. तो रात्रभर खपला, पण उजाडलं तेव्हा एक दगड बसवायचा राहिला होता, म्हणून मुलगी सुटली. आमचा चाकणकर हळहळला. "एका दगडासाठी आख्खा जॉब रिजेक्ट." मला त्या मुलीचं पटलं. आमच्याकडेही नळाला पाणी दिवसाआड येतं, आणि आईने असल्या सौद्याचा नक्की विचार केला असता.

दगडांच्या दर्शनी बाजूला लहान लहान खड्डे होते. ते कशाला, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, दगड उचलताना लोखंडी चिमट्याचे दात त्यात बसवायचे. म्हणजे आमच्याकडे जड मशीनला हुक अडकवायला भोक ठेवतात ना, तेच. हेही पप्पांना सांगायचं, असं मी ठरवलं. मग घोळका पुढे सरकला, आणि मी एका खांबाशी मागे राहिले.

बॅगेतून गेज काढला, कापड सोडलं. सर्वांत पातळ पातं उघडून दोन दगडांच्या सांध्यावर धरलं. पातं आत गेलं. नुसतं गेलं नाही, मुठीपर्यंत गेलं आणि आत लोंबकळायला लागलं. मला वाटलं, इथे कोपरा झिजला असेल. मी शेजारचा सांधा धरला, तिथेही तेच. मग तेरा पाती एकत्र धरली आणि तो अख्खा गठ्ठा आत घातला. तोही बुडापर्यंत गेला आणि आत खुळखुळला. मी तो बाहेर काढला आणि करंगळी घातली. करंगळीही गेली.

तेवढ्यात शिट्टी वाजली. एक पोलीसबाई माझ्याकडे झपाझप येत होती. तिला दिसलं ते असं, की एक मुलगी दोन हजार वर्षांच्या वास्तूत स्टीलची पाती खुपसतेय. मी गेज पाठीमागे लपवला, म्हणजे उरलासुरला संशयही फिटला. आमच्या बाई धावत आल्या. दोघींचं भराभर बोलणं झालं आणि बाई मला इंग्रजीत म्हणाल्या, "ही विचारतेय, तू काय करत होतीस? आणि खरं सांगायचं तर मलाही कळायला हवंय." मी सांगितलं. पप्पा, स्क्रेपिंग, कॅलेंडर, टर्नर काका, चहा. बाईंनी ते सगळं स्पॅनिशमध्ये सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा बदलत गेला. पोलीसबाईने गेज हातात घेतला, पाती उघडून मिटून पाहिली, बोटाने धार पाहिली. मला जरबेने काहीतरी सुनावलं, त्याचा अर्थ पुन्हा हात लावशील तर याद राख, असा होता. गेज परत देताना तिने एक छोटा प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, "ती विचारतेय, मग किती निघाली?" मी करंगळी दाखवली. पोलीसबाईने मान डोलावली आणि ती निघून गेली.

बाई मग बराच वेळ माझ्याशी बोलत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, फटी आहेतच. काही सुरुवातीपासूनच्या, काही वारापाण्याने मोठ्या झालेल्या. दगड एकमेकांना चिकटलेले नाहीत, एकमेकांवर रेललेले आहेत. वरचा भार कमानीतून बाजूला जातो आणि खांबांतून खाली उतरतो. वजनच त्यांना जागेवर धरून ठेवतं. मी ऐकत होते आणि माझ्या अंगावर काटा येत होता. एवढी फट असूनही उभं! घट्ट बसवल्याशिवाय काही टिकत नाही, असं मी जन्मभर ऐकलं होतं, आणि ते समोर ढळढळीत खोटं ठरत होतं. इतकी मजेची गोष्ट मला आयुष्यात कुणी सांगितली नव्हती.

साडेअकरा वाजले होते. म्हणजे भोसरीत चार, आणि चहा. फोन वाजलाच. व्हिडिओवर आधी पप्पांचा कान दिसला, मग टपरी, आणि मागे सात-आठ डोकी. पप्पा सगळ्यांना दटावत होते, "गप बसा रे, पोरगी बोलायलीय." टर्नर काका पुढे घुसले. "काय गो चेडवा, काय म्हणता तो दगड?" पप्पांनी त्यांना बाजूला सारलं. त्यांनी त्या दिवशी शर्ट इस्त्रीचा घातला होता. रविवारी, कामावर, ग्रीसमध्ये हात घालायचे असताना इस्त्रीचा शर्ट.

"मोजलंस का माय?"

"मोजलं पप्पा."

"मग? किती?"

मी म्हणाले, "सगळ्यात पातळ पातंसुद्धा शिरलं नाही."

टपरीवर जो आरडाओरडा झाला त्याने माझा फोन फाटला असता. कुणीतरी बाकडं बडवत होतं. टर्नर काका कपाळावर हात मारून हसत होते. पप्पा स्क्रीनमध्ये बघून नुसते हसत राहिले, अगदी लहान मुलासारखे. मलाही इतका आनंद झाला की डोळ्यात पाणी आलं. फोन बंद झाला, आणि गेज कापडात गुंडाळताना मी काय सांगून बसले ते माझ्या लक्षात आलं.

दुपारी किल्ला पाहिला, चर्च पाहिलं, एका गच्चीवरून सगळं गाव पाहिलं. मला त्यातलं काही आठवत नाही. परतीच्या बसमध्ये चाकणकराने विचारलं, "घरी सांगितलं का, बोट जातंय म्हनून?" मी म्हटलं, सांगितलं. तो म्हणाला, "लय भारी वाटलं आसंल त्यांना, न्हाई?" मी खिडकीकडे तोंड केलं. जगात ज्या एका माणसाला ती फटीची गोष्ट ऐकून माझ्याइतकीच मजा आली असती, त्यालाच आता मी ती सांगू शकत नव्हते. हे मला माद्रिद येईपर्यंत पुरलं, आणि नंतरही.

डिसेंबरच्या शेवटी मी घरी आले. फोटो दाखवताना सेगोव्हियाचे भराभर पुढे सरकवले. गेज कापडातून काढून पप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला आणि गुरुवारी पुसून ठेवतो म्हणाले. चिमट्याच्या खड्ड्यांचं मी सांगितलंच नाही, कारण दगडांचा विषय निघाला की पुढे कुठे जाईल ते मला ठाऊक होतं. तेही काही विचारत नव्हते. मला वाटलं, विषय संपला.

जानेवारीत पप्पांनी डिजिटल व्हर्नियर घेतलं. मोठे आकडे, बटण दाबलं की शून्य. मी खूश झाले. चष्म्याचा नंबर वाढलाय, बरं केलंत, असंही म्हणाले. मला फोटो येणं थांबलं. मीही नादात होते. परीक्षा झाली, निकाल लागला, चाकणच्या एका कंपनीत इन्स्पेक्शन खात्यात नोकरी लागली. दिवसभर मापं घ्यायची, लिहायची, सही करायची. मी ते काम करते, आणि चांगलं करते.

नोकरीत चार महिने झाले असतील. एका गुरुवारी माझीही रजा होती. पप्पा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून हत्यारं पुसत बसले होते. मी चहा घेऊन शेजारी बसले आणि ते डिजिटल उचलून सहज म्हणाले, "मी घरात असताना हे कशाला घेतलंत, पप्पा?"

ते पुसत राहिले. मग म्हणाले, "तू हाईस म्हणूनच."

मला कळलं नाही. त्यांनी कापडातून फिलर गेज काढला, पाती उघडली आणि उजेडात धरली. "बघ." सर्वांत पातळ पात्यावर ओरखडे होते. सर्वांत जाड पात्याच्या बाहेरच्या अंगावरही होते. टोकापासून थेट बुडापर्यंत, बारीक, आडवेतिडवे, दगडाचे. मधल्या अकरा पात्यांवर माझ्या जाण्याआधीचं तेल तसंच होतं.

"शिरलं नसतं तर टोक मुडपलं असतं," पप्पा म्हणाले. "हे बुडापातुर गेलंय. आन बाहेरची दोनच घासलीत. म्हंजे आख्खा गठ्ठा आत गेलता." त्यांनी पाती मिटली. "तू दिलंस त्याच गुरुवारी दिसलं मला. मग पुसलाच न्हाई, तसाच ठिवला."

मी म्हटलं ते एवढंच, की तुम्ही हराल म्हणून. सगळ्यांसमोर.

"हरलो असतो तर चहा पाजला असता," ते म्हणाले. "खोटं कामून बोललीस?"

ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गेज कापडात गुंडाळला आणि पुढचं हत्यार घेतलं. मी वाट बघत बसले, की आता तरी विचारतील. फट किती होती, कुठे होती, दगड कसला होता. प्रत्येक गोष्टीत नाक खुपसणारा हा माणूस, मशीन उघडलं की आधी खाली वाकून बघणारा. त्याने एक अक्षर विचारलं नाही. माझ्याकडून येणाऱ्या आकड्याची त्याला आता गरजच नव्हती. त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

दुसऱ्या दिवशी माझी सकाळची शिफ्ट होती. तीनला सुटले. कंपनीची बस भोसरीला पोचायला पावणेचार झाले. घरी न जाता टपरीवर गेले. सगळे जमत होते. पप्पा बाकाच्या टोकाला बसले होते. त्यांनी मला पाहिलं. मी टर्नर काकांसमोर उभी राहिले आणि जरा मोठ्यानेच म्हणाले, "काका, मी खोटं सांगितलं होतं. फट आहे. तेरा पाती एकदम जातात. करंगळीसुद्धा जाते. पप्पा हरले होते आणि त्यांना ते नंतर कळलं. खोटं बोलले ती मी."

टर्नर काकांनी मांडीवर थाप मारली. "मी काय सांगी होतंय! बोट जाता, बोट!" बाकीचे हसायला लागले. एकाने मला टोमणा मारला, की आता तुमच्या कंपनीचा माल पण तपासून घ्यायला पाहिजे. तो मला लागला आणि मी तो गिळला, कारण तो खरा होता. माझे कान तापले होते. पप्पा उठले, टपरीवाल्याला म्हणाले, "सगळ्यास्नी दे. माझ्याकडून." आणि परत येऊन बाकावर बसले. थोडं सरकले. मी त्या जागेवर बसले.

टर्नर काकांचा जल्लोष चालूच होता. पप्पांचं तिकडे लक्ष नव्हतं. चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून ते समोरच्या शटरकडे बघत होते, कपाळाला आठ्या घालून, अवघड जॉब समोर आल्यावर घालतात तशा. मग माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "एवढी फट हाय, तर मग त्ये उभं कशावर हाय?"

मी म्हणाले, "वजनावर. दगड एकमेकांवर रेललेत. वरचा भार कमानीतून..."

"थांब," ते म्हणाले. "हे तू बघितलंस, का कुणी सांगितलं?"

"बाई म्हणाल्या."

"तू काय बघितलंस?"

"एका खांबाचा सगळ्यात खालचा थर. दोन सांधे. त्याच्या वर हात पोचला नाही, आणि मग पोलीस आली."

"पोलीस?" पप्पांनी आता माझ्याकडे वळून बघितलं.

"हो."

त्यांनी चहाचा ग्लास बाकावर ठेवला. "बरं," ते म्हणाले, "मग दोनच सांध्यांचं सांग. पहिल्यापासून."